ओवेन्स खोरे: गुरे पशुपालकांची, पाणी लॉस एंजेलिसचे

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या पूर्व भागात सिएरा नेवाडा आणि व्हाइट-इन्यो या पर्वतरांगांमध्ये ओवेन्स खोरे वसले आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवरील हे खोरे पर्जन्यछायेत येत असल्याने तेथे वर्षाला जेमतेम १५ सेंटिमीटर पाऊस पडतो. तरीही तेथे गुरांची हिरवी कुरणे दिसतात. हे पाणी सिएरावरील वितळत्या बर्फाचे आहे. ते पाटांनी वळवून गवताला देण्याची पद्धत पशुपालकांच्या आगमनापूर्वीपासून येथील मूळ रहिवासी पायूट लोकांमध्ये रूढ होती.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी लॉस एंजेलिस शहराने खोऱ्यातील जमिनी व त्यांसोबतचे पाणीहक्क विकत घेतले. १९१३ मध्ये सुमारे ३७५ किलोमीटर लांबीचा जलमार्ग पूर्ण झाला. त्यातून पाणी पंपाविना, केवळ उताराने शहरापर्यंत जाते. १९२४ मध्ये संतप्त रहिवाशांनी जलमार्गाला सुरुंग लावले. मात्र पाणी वाहतच राहिले. ओवेन्स सरोवर कोरडे पडले आणि त्याच्या तळाची क्षारयुक्त धूळ खोऱ्यात पसरू लागली.

आज खोऱ्याच्या तळभागातील बहुतांश जमीन शहराच्या जल विभागाच्या मालकीची असून पशुपालक ती भाडेपट्ट्याने घेतात. गुरे त्यांची, पण जमीन आणि पाणी दूरच्या महानगराचे, अशी ही व्यवस्था आहे. या मालकीमुळेच खोऱ्यात नवी नगरे उभी राहिली नाहीत, ही त्यातील विसंगती म्हणावी लागेल.

१९७० मध्ये दुसरा जलमार्ग सुरू झाल्यावर भूजलाचा उपसा वाढला. येथील गवताची मुळे उथळ भूजलावर जगतात. पातळी खाली गेली की गवत विरळ होते व त्याची जागा चराईस निरुपयोगी झुडपे घेतात. काही झरेही आटले. प्रदीर्घ न्यायालयीन वादानंतर १९९१ मध्ये इन्यो परगणा आणि शहर यांच्यात करार झाला. त्यानुसार निरीक्षण-स्थळांवरील मातीतील ओलावा तेथील वनस्पतींच्या गरजेपेक्षा कमी आढळल्यास त्या स्थळांशी जोडलेल्या विहिरी बंद ठेवाव्या लागतात. वनस्पतींच्या स्थितीची तुलना १९८४ ते १९८७ या काळातील नोंदींशी केली जाते.

डिसेंबर २००६ मध्ये ओवेन्स नदीच्या खालच्या सुमारे १०० किलोमीटर पात्रात पुन्हा पाणी सोडण्यात आले. सरोवराजवळ पोहोचताच त्यातील बराचसा भाग पंपाने उचलून जलमार्गात किंवा धूळ रोखण्याच्या कामी वळवला जातो.