दोन हवांची गाठ

फाल्गुनात गारा का पडतात, हा प्रश्न आम्हाला पुस्तकात भेटला नाही. यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंगच्या आवारात भेटला. कापसाच्या गंजी उघड्यावर होत्या. सकाळपासून वारा कोरडा, वायव्येचा. दुपारी तो पडला, उकडू लागले, आणि एकाएकी अंगावर शहारा आणणारा गार झोत आला. पाठोपाठ गारा. ताडपत्र्या ओढणाऱ्या दोन बायांची डोकी फुटली. मालकाने उरलेल्या वेळेची मजुरी कापली आणि म्हणाला, “आस्मानीला आमचा काय इलाज?” आम्ही युनियनची माणसे, शाळा सातवीपर्यंतची. पण ही आस्मानी खरोखर कोणालाच आधी ठाऊक नसते काय, हे शोधून काढावे असे मनाने घेतले.

शोध नागपूरच्या सोनेगाव विमानतळाशी जाऊन पोचला. हवा ओळखल्यावाचून वैमानिकाचे पान हलत नाही. 1949 पासून कित्येक वर्षे दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली टपालाची विमाने मध्यरात्री नागपुरास जमत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि परतीस लागत. नागपुरावर वादळ उभे राहिले तर चारी शहरांचे टपाल खोळंबायचे.

हवेचा स्वभाव तिच्या मुक्कामावरून ठरतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, तसेच. राजस्थानच्या वाळवंटावर दिवसेंदिवस पडून राहिलेली हवा कोरडी होते, बंगालच्या उपसागरावरची ओलावा पिते. शेकडो मैल एकाच गुणाची अशी जी हवा, तिला वायुराशी म्हणतात. दोन वायुराशी सहजासहजी मिसळत नाहीत. त्यांच्यामधल्या सीमेला नॉर्वेतील बर्गेनच्या शास्त्रज्ञांनी पहिल्या महायुद्धानंतर रणांगणावरचा शब्द दिला: आघाडी. (आम्हाला आघाडी म्हटले की मोर्चाच आठवतो, तो भाग वेगळा.) थंड हवा जड, ती पाचरीसारखी उबदार हवेखाली घुसते व तिला वर उचलते.

युरोपातला हा नकाशा जसाच्या तसा विदर्भावर पसरता येत नाही, आणि पुष्कळ पुस्तके हे सांगायचे विसरतात. आपल्याकडे त्या दोन हवांच्या तपमानात फारसा फरक नसतो. फरक ओलाव्यात असतो. ओली हवा जड असे आपण समजतो. वास्तविक सारख्याच तपमानाच्या कोरड्या हवेहून ती हलकी असते. वायव्येचा कोरडा वारा आणि आग्नेयेचा ओला वारा यांची गाठ विदर्भावर पडली की ओली हवा वर जाऊ लागते. दर किलोमीटरला ती सुमारे 10 अंशांनी निवते. ढग धरला की वाफ आपली उष्णता परत देते, आणि निवणे बरेच मंदावते. त्याच वेळी उत्तरेकडून जाणाऱ्या पश्चिमी विक्षोभामुळे वरची हवा गार झालेली असेल, तर हा फुगा भोवतालापेक्षा उबदार राहतो आणि 12 ते 15 किलोमीटरपर्यंत चढतो. तिथे शून्याखालीही न गोठलेले पाण्याचे थेंब बर्फाच्या कणाला चिकटत जातात. वरचा झोत पेलीनासा झाला की गार खाली येते. 2014 च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात गहू, हरभरा, संत्री झोडपली गेली, ती अशाच गाठीने.

आणि तो गार झोत? पावसाने निवलेली जड हवा जमिनीवर आदळून चहूकडे पसरते, तो हा. उतरणाऱ्या विमानाला तो आधी समोरून लागतो, विमान उचलले जाते. पुढच्याच क्षणी पाठीमागून लागतो आणि विमान खाली बसू लागते. म्हणून मोठ्या गडगडाटी ढगापासून 20 सागरी मैल, म्हणजे सुमारे 37 किलोमीटर, दूर राहावे असे वैमानिकाला शिकवतात. त्याला वळण्याची मुभा असते. ताडपत्री ओढणाऱ्या बाईला नसते.

त्या दिवशीचा अंदाज आम्ही मागाहून मिळवला. विदर्भासाठी गारांचा इशारा त्यात आदल्या दिवशीच होता. आज नागपूरहून जिल्हावार इशारे निघतात, मोबाइलवरही येतात. आम्ही मालकापुढे कलम ठेवले: इशाऱ्याच्या दिवशी ताडपत्र्या दुपारच्या आत घालाव्यात, ढग चढताच बायांना शेडमध्ये घ्यावे, मजुरी पुरी द्यावी. ताडपत्र्यांचे त्याने तत्काळ मान्य केले, कापूस त्याचाच होता. शेडचे दुसऱ्या हंगामात मान्य झाले. मजुरीच्या ओळीवर अजून सही व्हायची आहे.