पाऊल आपले, वाट नर्मदेची

जबलपूरच्या ग्वारीघाटावर संध्याकाळ झाली की नर्मदेच्या पात्रात द्रोणांतले दिवे सोडले जातात. वात सारखी करणे, ज्योत लावणे, द्रोण अलगद पाण्यावर ठेवणे, एवढेच सोडणाऱ्याच्या हाती असते. पुढे तो दिवा कुठवर जाईल आणि कोणत्या वळणावर विझेल, हे प्रवाह ठरवतो. घाटाच्या पायऱ्या चढून परतणाऱ्यांना त्याची खंत नसते.

घरी परतल्यावर मात्र हीच वृत्ती टिकवणे अवघड जाते. मुलांचे शिक्षण, नोकरीतील बदली, वडीलधाऱ्यांचे आजारपण, निवृत्तीनंतरचा खर्च यांचा विचार प्रत्येक संसारी माणसाला करावाच लागतो. नियोजन आवश्यकच आहे. परंतु ते करता करता सारे काही आपल्या मनाप्रमाणेच घडले पाहिजे, असा हट्ट नकळत जडतो आणि या हट्टाच्या पोटी भय जन्माला येते. नर्मदातीरी या भयावर एक पुरातन उपाय सांगितला आहे. तो म्हणजे परिक्रमा.

अमरकंटकला उगम पावून सुमारे १३१२ किलोमीटर वाहत नर्मदा खंबातच्या आखाताला मिळते. नदी सतत उजव्या हाताला ठेवून, तिचे पात्र कोठेही न ओलांडता दोन्ही तीर पायी चालायचे, हा परिक्रमेचा नियम. परंपरेने त्यासाठी तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस सांगितले आहेत. चातुर्मासात एका जागी मुक्काम करायचा, मिळेल तो शिधा रांधायचा आणि मिळेल तेथे पाठ टेकायची. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मुळे ही वाट मराठी वाचकांच्या ओळखीची झाली आहे.

या वाटेवर शूलपाणीच्या झाडीचा धाक पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. तेथे परिक्रमावासीयांजवळचे सामान काढून घेतले जाई. वस्तू गेल्या की त्या जपण्याची काळजीही जाते, असा अर्थ अनेक परिक्रमावासीयांनी त्यातून काढला. पुढे विमलेश्वरहून मिठी तलाईकडे समुद्रमार्गे जाताना तर चालणेही थांबते. नाव भरती-ओहोटी पाहूनच निघते. शेकडो कोस स्वतःच्या पायांवर विसंबून आलेल्या माणसाला तेथे नावाड्यावर आणि पाण्यावर भरवसा ठेवावा लागतो.

हे सारे केवळ संन्याशांसाठी आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. जबलपूरच्याच एका गृहस्थाने मात्र ते खोटे ठरवले. अमृतलाल वेगड (१९२८–२०१८) हे शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले चित्रकार आणि कलेचे अध्यापक. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९७७ मध्ये, ते जबलपूरहून मंडलाकडे पायी निघाले. नोकरी आणि संसार सांभाळून त्यांनी ही वाट तुकड्यातुकड्यांनी चालायची ठरवली. सोबत रेखाटनाची वही होती. रात्रीचा मुक्काम मात्र बहुधा वाटेतल्या गावांच्या आतिथ्यावर अवलंबून असे. पुढे पंचाहत्तरीच्या सुमारास त्यांनी पत्नीसह पुन्हा ही वाट धरली. या भटकंतीतून रेखाचित्रे, कागदी चिकटचित्रे आणि प्रवासवर्णने निर्माण झाली. त्यांच्या ‘सौंदर्यनी नदी नर्मदा’ या गुजराती पुस्तकाला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

ज्या वाटेने वेगडांनी आरंभ केला, तिचा मोठा भाग आज अस्तित्वात नाही. १९९० च्या सुमारास बरगी धरण पूर्ण झाले आणि जबलपूर-मंडला दरम्यानचा नदीकाठ, अनेक गावांसह, जलाशयाखाली गेला. ज्यांची घरे-शेते त्यात बुडाली त्यांचे दुःख मोठे आहे. ‘सोडून द्या’ असे त्यांना सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. जे आपण होऊन सोडले जाते तेच मन हलके करते. जे हिरावून घेतले जाते ते नव्हे. वेगडांच्या हाती ती वाट राखणे नव्हते. ती डोळे भरून पाहणे आणि कागदावर उतरवणे त्यांच्या हाती होते, आणि ते त्यांनी मनापासून केले.

मनःशांतीचे मर्म बहुधा येथेच असावे. नियमित बचत, वेळेवर घेतलेला विमा, प्रकृतीची निगा, नेटाने केलेले काम ही आपल्या दिव्याची वात आणि तेल. त्यात हयगय करणाऱ्याला निश्चिंत म्हणता येत नाही. परंतु ते चोख केल्यानंतर रात्रभर काठावर उभे राहून प्रवाहाला आज्ञा देण्यात अर्थ नसतो. परिक्रमावासी रोज सकाळी एवढेच पाहतो, की नदी उजव्या हाताला आहे ना! मग तो पुढचे पाऊल टाकतो. उद्याच्या मुक्कामाचे गाव उद्या येते.