भिंगासाठी बांधलेलं गाव

आमच्या वर्कशॉपमध्ये कुणी पाहुणा आला की तो मॉडेलकडे वरून बघतो. नखाएवढी कौलं, बोटाएवढे दरवाजे पाहून त्याला कौतुक वाटतं. मी त्याला खाली बसायला लावतो, हनुवटी टेबलाच्या कडेला टेकवायला सांगतो आणि म्हणतो, आता एक डोळा मिटा. मग तो बराच वेळ काही बोलत नाही. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो. दोन डोळ्यांनी आपल्याला लगेच कळतं की समोरचं घर हाताच्या अंतरावर आहे की कोसभर लांब. एका डोळ्याला ते तितकं नीट कळत नाही. तो सावली, धूसरपणा, वस्तूची हालचाल अशा खुणांवरून अंदाज बांधतो. आमचं सगळं काम त्या खुणा बरोबर पेरण्याचं.

मी मूळचा कोल्हापूरचा, शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतला. घरी गणपतीचं काम. माती मळणं, साचा भरणं, जोड पुसून एकसारखे करणं हे हाताला लहानपणीच बसलं होतं. पुढे मुंबईत सिनेमाच्या आर्ट डिपार्टमेंटला मोल्डर म्हणून लागलो आणि हळूहळू मॉडेलांकडे वळलो. घरच्या कामात आणि या कामात एक मोठा फरक आहे. मूर्तीसमोर माणूस येतो, बाजूला सरकतो, वाकून पाया पडतो. ती सगळीकडून नीट लागते. सिनेमातलं मॉडेल फक्त भिंगासमोर उभं राहतं. माझ्या वाड्यांना मागची भिंतच नसते, तिथे प्लायचे तुकडे आणि आधाराच्या पट्ट्या असतात. म्हणून मी कामाला हात घालण्याआधी तीन गोष्टी विचारतो : भिंग कोणतं, कॅमेरा किती उंचीवर आणि किती लांब. या तिन्हींचं उत्तर मिळाल्याशिवाय करवत उचलायची नाही, हे मला माझ्या उस्तादांनी शिकवलं.

लोकांना वाटतं, मॉडेल खरं दिसतं ते बारकाव्यांमुळे. बारकावे लागतातच. पण पडद्यावर मॉडेल उघडं पडतं ते बहुधा हलतं तेव्हा. हा भाग थोडा हिशोबाचा आहे, तरी तो सांगितल्याशिवाय या कलेचं मर्म कळणार नाही.

समजा, वीस मीटर उंचीचा बुरूज ढासळतोय. वरचा दगड जमिनीवर यायला सुमारे दोन सेकंद लागतात. आता तोच बुरूज मी पंचविसाव्या हिश्शाइतका लहान केला, म्हणजे ८० सेंटिमीटरचा. त्याच्या माथ्यावरचा दगड सुमारे ०.४ सेकंदात खाली येतो. उंची पंचवीस पटींनी कमी झाली, पण पडण्याचा वेळ पाचच पटींनी कमी झाला. पंचविसाचं वर्गमूळ पाच. गुरुत्वाकर्षण मॉडेलसाठी आपला नियम बदलत नाही. दगड झटकन पडला की बघणाऱ्याचं मन क्षणात ओळखतं, हे हलकं आहे, लहान आहे. त्यावर उपाय एकच. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो. कॅमेरा पाचपट वेगाने, म्हणजे १२० चित्रांनी चालवायचा. मग पडद्यावर तोच दगड दोन सेकंदांत पडतो आणि बुरुजाला वजन येतं. सोळाव्या हिश्शाचं मॉडेल असेल तर चौपट वेग, ९६ चित्रं. आमच्याकडची जुनी माणसं वर्गमूळ हा शब्दही न उच्चारता हा आकडा सांगायची.

जपानी 'गॉडझिला' (१९५४) मी या हिशोबासाठी नव्या मुलांना दाखवतो. एजी त्सुबुराया हे त्याच्या ट्रिकदृश्यांचे प्रमुख. त्यांनी टोकियो शहर १/२५ प्रमाणात उभं केलं. हेच प्रमाण का? कथेतला राक्षस ५० मीटर उंच. पन्नासाला पंचविसाने भागलं की दोन मीटर, म्हणजे आत माणूस घातलेला रबरी पोशाख. माणसाच्या उंचीवरून अख्ख्या शहराचं माप ठरलं. हारुओ नाकाजिमा नावाचा नट त्या जड पोशाखात घुसून चालायचा, आणि कॅमेरा वेगाने फिरवल्यामुळे पडद्यावर त्याचं पाऊल संथ, भारी पडायचं.

वेग वाढवला की प्रत्येक चित्राला मिळणारा प्रकाश कमी होतो. पाचपट वेग म्हणजे पाचपट दिवे. शिवाय मॉडेल भिंगाच्या अगदी जवळ असतं, आणि जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट यायचं तर भिंगाचं तोंड बारीक करावं लागतं, म्हणजे आणखी दिवे. सेट भट्टीसारखा तापतो. त्सुबुरायांनी त्या उष्णतेलाच कामाला लावलं. गॉडझिलाच्या श्वासाने विजेचे मनोरे वितळून वाकतात ते दृश्य आठवा. ते मनोरे मेणाचे होते, दिव्यांच्या धगीने वितळले. अडचणीतून दृश्य काढायची ही बुद्धी मला फार मोठी वाटते.

प्रमाण मात्र सगळ्याच गोष्टींना लागू करता येत नाही. कापूस, लाकूड, पुठ्ठा लहान करता येतो. पाणी लहान होत नाही. थेंबाचा आकार पाण्याच्या स्वभावाने ठरतो. पाच मिलिमीटरचा थेंब १/२५ च्या जगात साडेबारा सेंटिमीटरचा गोळा होऊन उडतो, आणि समुद्राचा हौद होतो. ज्वाळेचंही तेच, तिची जीभ घरापेक्षा मोठी दिसायला लागते. म्हणून जहाज किंवा आगीचं दृश्य असलं की आम्ही मॉडेल शक्य तितकं मोठं मागतो. निर्माता खर्चावर बोट ठेवतो, तिथे आर्ट डायरेक्टरला ठाम राहावं लागतं. कापडाचाही त्रास आहे. तलम मलमलही त्या जगात ताठच राहते. छोट्या निशाणाला बारीक तार शिवून त्याच्या लाटा हाताने वळवून ठेवाव्या लागतात.

सामान कुठून येतं, असं लोक नेहमी विचारतात. निम्मं घरातून. वाळलेली तुळस मंजिरीसकट उलगडली की दूरचं झाड तयार. सुकलेल्या घोसाळ्याची जाळी रंगवून कापली की झुडपं. मातीला साधी माती चालत नाही. एक मिलिमीटरचा खडा पंचवीस पटींनी अडीच सेंटिमीटरची खडी होतो. म्हणून मुलतानी माती वस्त्रगाळ करून घ्यायची. धुळीचे लोट उडवायलाही तीच. आणि सगळ्यात शेवटी धूर. खऱ्या डोंगररांगा मागे जाताना फिकट होतात, कारण मध्ये मैलोगणती हवा असते. टेबलावर ती हवा कुठून आणणार? आम्ही लोबान घालून स्टुडिओत धूर करायचो, तो समपातळीत स्थिरावला की मगच टेक. दार कुणी उघडलं तर पुन्हा पहिल्यापासून. त्या धुराशिवाय सह्याद्री उभा राहत नाही, असं माझं अनुभवाचं मत आहे.

मॉडेल आणि खरी माणसं एका चित्रात आणण्याची जुनी पद्धत तर मला आजही अद्‌भुत वाटते. राजवाड्याचा पहिला मजला खरा बांधायचा, माणसं तिथे वावरणार. वरचे मजले, कळस, गच्च्या मॉडेलमध्ये करून कॅमेऱ्यापुढे टांगायच्या, अशा बेताने की भिंगातून मॉडेलची खालची कड आणि खऱ्या भिंतीची वरची कड अचूक जुळते. १९२५च्या 'बेन-हर'मध्ये रथशर्यतीच्या मैदानाचे वरचे सज्जे असेच टांगलेले होते आणि त्यात हलणाऱ्या चिमुकल्या बाहुल्यांची गर्दी बसवली होती. खाली खरी माणसं, वर बाहुल्या, आणि शिवण कुठे आहे ते सापडत नाही. कॅमेरा केसभर सरकला की शिवण उसवते.

हे सगळं आपल्याकडे परदेशातून शिकून आलं असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा आणला हे खरं, पण त्यांचा हात त्याआधीच तयार होता. मुंबईचं जे.जे., बडोद्याचं कलाभवन, तिथे चित्रकला, मूर्तिकाम आणि फोटोग्राफी, पुढे छपाईचा व्यवसाय, आणि जादूचे प्रयोग. आपलं नाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' म्हणून ते जादू करत. या माणसाने सिनेमात पहिल्यांदा काय केलं? कुंडीत वाटाणा लावला आणि रोप वाढत असताना थांबून थांबून एकेक चित्र घेतलं. पडद्यावर काही क्षणांत बी फुटून वेल वर चढली. ते पाहून पैसे लावणारा मिळाला. आम्ही कॅमेरा जोरात फिरवून काळ ताणतो, दादासाहेबांनी तो आवळला. तत्त्व तेच.

'राजा हरिश्चंद्र' (१९१३) मध्ये शंकर प्रकट होतात आणि अदृश्य होतात. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात हे कसं? कॅमेरा थांबवायचा, बाकीच्या नटांनी होते तसे पुतळ्यागत उभं राहायचं, देवाने चौकटीत यायचं, कॅमेरा पुन्हा सुरू. माणूस विरघळत यायला हवा असेल तर हँडलचे फेरे मोजायचे, भिंग झाकून फिल्म तितकेच फेरे मागे घ्यायची आणि तिच्यावर दुसऱ्यांदा चित्र घ्यायचं. एक फेरा चुकला तर सगळी फिल्म वाया, आणि फिल्म विलायतेहून येणारी. 'कालियामर्दन' (१९१९) पाहायला मिळाला तर जरूर पाहा. दादासाहेबांची लहानगी मुलगी मंदाकिनी त्यात कृष्ण झाली आहे. कालियाचं धूड बनवलेलं आहे हे आज कुणालाही कळतं, तरी ती पोर ज्या धिटाईने त्याला भिडते ते पाहताना मी दर वेळी पुढे सरकून बसतो.

आमच्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तर कॅमेरा परदेशातून आणलाही नाही. विष्णुपंत दामले या शिष्याला हाताशी धरून १९१८ च्या सुमारास त्यांनी तो इथेच जुळवला. बाबूराव स्वतः चित्रकार आणि शिल्पकार. 'सैरंध्री' (१९२०) मधला कीचकवध त्यांनी इतका हुबेहूब केला की तो भाग पुढे कापावा लागला. पुढे हेच दामले आणि शेख फत्तेलाल 'प्रभात' फिल्म कंपनीत गेले आणि त्यांनी 'संत तुकाराम' (१९३६) केला. शेवटचं वैकुंठगमन आठवा. तो गरुड कारागिराच्या हातचा आहे हे लपत नाही. पण तुकोबांना घेऊन तो ज्या गतीने उचलला जातो, ती गती बरोबर आहे. पाखराची घाई त्यात नाही. मोल्डर म्हणून मला त्या गतीपुढे हात जोडावेसे वाटतात.

मुंबईत याच काळात सुरतेहून आलेले बाबूभाई मिस्त्री होते. विजय भट्टांच्या 'ख्वाब की दुनिया' (१९३७) मध्ये अदृश्य माणूस वस्तू उचलतो, हलवतो. बाबूभाईंनी त्या वस्तू काळ्या पार्श्वभूमीवर काळ्या धाग्याने ओढल्या. इंडस्ट्रीत त्यांना 'काला धागा' हेच नाव पडलं. धागा वापरणं सोपं वाटतं. तो चमकला की संपलं. आम्ही आजही धाग्याला काजळी चोळतो आणि दिवा अशा कोनात लावतो की उजेड वस्तूवर पडावा, धाग्यावर नाही.

आता कॉम्प्युटरबद्दल. माझे दोन भाचे त्याच कामात आहेत आणि उत्तम काम करतात. मॉडेलचे जोड, आधाराच्या तारा, धागे ते सहज पुसून टाकतात, त्यामुळे आम्हाला मोकळेपणा आला. 'इंटरस्टेलर' (२०१४) सारख्या अलीकडच्या सिनेमातही मुख्य अवकाशयानाचं १/१५ प्रमाणातलं मॉडेल बांधलं होतं. कारण खऱ्या वस्तूवर खरा उजेड पडला की सावलीचा हिशोब कुणाला करावा लागत नाही. आणि एक गोष्ट अशी आहे की ती ठरवून करता येत नाही. १९३३ च्या 'किंग काँग'मध्ये जेमतेम दीड फुटी माकडाच्या अंगावर सशाची कातडी होती. विलिस ओब्रायन एकेक चित्र घेताना त्याचे हातपाय बोटांनी किंचित हलवत, आणि बोटं लागून केस विस्कटत. पडद्यावर ते माकड सतत अंग फुलवतंय असं दिसतं. करणाऱ्याच्या बोटांचे ते ठसे आहेत.

आपल्याकडे असे ठसे फारसे उरले नाहीत. 'राजा हरिश्चंद्र'चा काहीच भाग शिल्लक आहे, 'सैरंध्री' पाहायला मिळत नाही. फिल्मच गेली तिथे मॉडेलांचं कोण विचारतो. ती तर शूटिंग संपलं की त्याच रात्री मोडून पुढच्या सेटला लाकूड म्हणून जातात. ज्यांनी ती केली त्या मोल्डर, सुतार, पेंटर लोकांची नावं टायटलमध्ये क्वचितच आली. त्यांचं ज्ञान वह्यांमध्ये नव्हतं, हातात होतं, आणि ती माणसं एकेक करून जात आहेत.

कोल्हापूर, पुणे, नाशिक, मुंबईत अशी पुष्कळ घरं आहेत जिथे आजोबा किंवा पणजोबा स्टुडिओत कामाला होते. तुमचं घर त्यांतलं असेल तर माळ्यावर एकदा नजर टाका. एखादा प्लास्टरचा साचा, मापांची वही, सेटवरचा फोटो, मुखवटा, रंगाचे नमुने, काहीही असू शकतं. ते भंगारात देऊ नका. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आणि 'प्रभात'च्या जुन्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथल्या जाणकारांना दाखवा. आणि घरातलं ते म्हातारं माणूस अजून असेल, तर मोबाइल समोर ठेवून त्याला बोलतं करा. त्याने काय बनवलं, कशापासून बनवलं, कॅमेरा कुठे होता, एवढंच विचारा. बाकी ते आपोआप सांगेल.