पटावरचे खेळ – ७ : एका पानाचे नियम आणि तीनशे पानांचे

गेल्या आठवड्यात आपण पात्र होऊन खेळायच्या खेळांची ओळख करून घेतली. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात आणि जिथे अडेल तिथे फासा टाकतात. या खेळांचे नियम कुठे एका पानात मावतात, तर कुठे तीन जाड पुस्तकांतही आवरत नाहीत. मग नवख्याने सुरुवात कुठून करावी? कमी नियमांपासून, असं कोणीही सांगेल. मला ते पटत नाही.

आपली सोनई ज्या नेवासे तालुक्यात आहे, तिथेच शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. परंपरा ज्ञानेश्वरांच्या नावाशी एक खेळही जोडते, तो मोक्षपट. कवड्या टाकायच्या, पडेल तितकी घरं पुढे जायचं. शिडी लागली की वर, साप लागला की खाली. शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे. आजची सापशिडी याच कुळातल्या भारतीय पटांवरून इंग्लंडात तयार झाली. मोक्षपटाचे नियम दोन वाक्यांत संपतात, कारण खेळणाऱ्याला काही ठरवायचंच नसतं. सगळं दान ठरवतं. सारीपाटातही दान पडतंच, पण कोणती सोंगटी हलवायची ते आपल्या हातात असतं, आणि तिथूनच नियम वाढायला लागतात.

आता दुसरं एक पान पाहा. अमेरिकेतल्या जॉन हार्पर यांचा ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ हा २०१३ चा खेळ. प्रत्येकाने आपल्या पात्रासाठी २ ते ५ मधला एक अंक निवडायचा. काम डोक्याचं असेल तर फाशावर त्या अंकापेक्षा कमी पडायला हवं, मनाचं असेल तर जास्त. तयारी केलेली असेल तर एक फासा जादा, त्या कामात हातखंडा असेल तर आणखी एक. नेमका तोच अंक पडला, तर सूत्रधाराला एक प्रश्न विचारायचा आणि त्याने खरं उत्तर द्यायचं. खेळाचा गाभा एवढाच.

खेळ अंतराळयानावरचा आहे, आपण प्रसंग इथला घेऊ. ऊसतोडणीचा हंगाम आहे, रात्र झाली आहे, फडात बिबट्या शिरला आहे आणि कोपीत लहान मूल झोपलं आहे. एक मुलगी म्हणते, “मी टेंभा पेटवून त्याच्या आणि कोपीच्या मध्ये उभी राहते.” हे काम डोक्याचं की मनाचं? बिबट्या किती लांब आहे? आगीला तो बिचकेल का? पानावर यातलं काहीच नाही. सगळं सूत्रधार ठरवणार. मोक्षपटाचं पान माणसाकडून काहीच मागत नाही. हे पान सगळंच मागतं. लांबी सारखी असली तरी दोन्ही खेळांना ‘सोपे’ म्हणणं म्हणजे स्वतःची फसवणूक आहे.

हा पेच जुना आहे. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ या अधिकाऱ्याने नकाशावरच्या युद्धखेळाचे नियम छापले. त्यात अंतरं, तक्ते, फासे सगळं होतं आणि निवाडा करायला पंच. पुढे तक्ते पाहण्यातच पंचांचा वेळ जाऊ लागला. १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नुआ यांनी सुचवलं की तक्ते सोडा, अनुभवी अधिकाऱ्याला ठरवू द्या. खेळ हलका झाला खरा, पण त्या अधिकाऱ्याच्या डोक्यात खऱ्या लढायांचा अनुभव होता. नियम नाहीसे झाले नव्हते, कागदावरून डोक्यात गेले होते.

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला, तेव्हा पेटीत तीन छोट्या पुस्तिका होत्या आणि त्यांत भरपूर फटी होत्या. प्रत्येक मंडळी त्या आपापल्या परीने बुजवू लागली. घरात ते खपतं, पण स्पर्धेत अनोळखी लोक एकत्र बसले की पंचाईत होते. १९७७ ते १९७९ या काळात निघालेल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीच्या तीन जाड पुस्तकांमागे हे मोठं कारण होतं.

त्याच खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत खेळाडूचं पुस्तकच तीनशे पानांच्या वर आहे. तरी आपला प्रसंग तिथे नेऊन पाहा. बिबट्याची तिथे नोंदच आहे: एका पाळीत ५० फूट धाव, ४० फूट चढाई, १३ जीवगुण (म्हणजे किती मार सोसेल त्याचा आकडा). माणूस एका पाळीत ३० फूट जातो. टेंभ्याचा लख्ख उजेड २० फूट, त्यापुढे २० फूट अंधूक. म्हणजे पळून उपयोग नाही, हे आपल्या मुलीला फासा टाकण्याआधीच कळतं. तिला कोणाला विचारावं लागत नाही. परिस्थिती अनुकूल असेल तर वीस बाजूंचा फासा दोनदा टाकायचा आणि मोठा आकडा घ्यायचा, प्रतिकूल असेल तर लहान. पूर्वीच्या आवृत्तीतल्या कितीतरी बारीकसारीक बेरजा-वजाबाक्या या एका युक्तीने गेल्या. मला ती या आवृत्तीतली सर्वांत चांगली गोष्ट वाटते.

नियम लिहिलेले नसले की ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं. गल्लीत रडीचा डाव खेळलेल्या कोणालाही हे माहीत आहे. नववीतली अबोल मुलगी सूत्रधाराशी वाद घालणार नाही, पण पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवू शकेल. तो तिचा हक्क आहे. म्हणून सूत्रधार मुरलेला आणि समंजस असेल तर एका पानाचा खेळ खुशाल घ्या. सगळेच नवे असाल तर मधल्या जाडीचे नियम घ्या आणि त्यातलं थोडंच वापरा.

पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच, सुमारे ४०० पानांचा, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. ठरलेला श्रेयनिर्देश केला की तो मराठीत आणायला कोणाची वेगळी परवानगी लागत नाही. त्यातला मोठा भाग मंत्र आणि राक्षसांचा आहे. तो आधी बाजूला ठेवा. गुणांची कसोटी आणि लढाई ही दोनच प्रकरणं वाचून पहिली बैठक होऊ शकते. वीस बाजूंचा फासा नसेल तर १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकून एक उचला. मात्र प्रत्येक दानानंतर चिठ्ठी परत डब्यात टाकायची.