रिकाम्या फंक्शनची वर्दी

प्रोग्राममधील चूक हुडकायला दुसरा प्रोग्राम वापरतात, त्याला डीबगर म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला जीडीबी आजही वापरात आहे. डीबगर आपल्याला दाखवतो तो चालू प्रोग्राम नव्हे, तर त्याने स्वतःपाशी उतरवून घेतलेले त्या प्रोग्रामचे चित्र: कोणते फंक्शन कोणत्या पत्त्यावर आहे, कोणी कोणाला बोलावले, रजिस्टरमध्ये काय आहे. हे चित्र शिळे झाले की डीबगर खोटे सांगू लागतो, तेही ठामपणे. आणि माणूस निर्दोष ओळी तपासत रात्र घालवतो.

मग दर पावलाला प्रोग्राम थांबवून सगळे पुन्हा वाचावे का? तसे करता येते, पण प्रोग्राम रांगू लागतो. त्यापेक्षा बदल करणाऱ्यानेच वर्दी द्यावी, हे बरे.

लिनक्सवर ही वर्दी कशी पोहोचते ते पाहण्यासारखे आहे. मोठे प्रोग्राम सगळे सामान घेऊन निघत नाहीत. काही लायब्रऱ्या वाटेत उचलतात. हे काम डायनॅमिक लिंकरचे. उचललेल्या लायब्रऱ्यांची साखळी तो स्मृतीत ठेवतो, आणि तिच्यात फेरफार करण्यापूर्वी एकदा व नंतर एकदा एक फंक्शन बोलावतो. गंमत अशी, की त्या फंक्शनच्या पोटात काहीच नाही! ते फक्त कोणीतरी तेथे दबा धरून बसावे म्हणून आहे. डीबगर त्या पत्त्यावर सापळा लावतो. इंटेलच्या प्रोसेसरवर तो एका बाइटचा असतो. पाऊल पडले की प्रोग्राम थांबतो आणि कर्नल डीबगरला जागे करतो.

या वर्दीत तपशील नसतो. भर पडते आहे, वजाबाकी चालू आहे की साखळी स्थिर आहे, एवढेच शेजारच्या एका खुणेवरून कळते. पहिल्या वर्दीच्या वेळी साखळीवर विसंबण्यात अर्थ नाही, कारण काम अजून व्हायचे आहे. दुसऱ्या वर्दीला प्रोग्राम उभा असतानाच डीबगर ती वाचतो आणि आपल्या यादीशी ताडून पाहतो. नवी लायब्ररी दिसली की तीच बातमी त्याच्या आतल्या विभागांत फिरते. अजून न आलेल्या फंक्शनवर थांबण्याची आपली सूचना त्याने बाजूला ठेवलेली असेल, तर तिला आता कुठे पत्ता मिळतो.

स्वतः केलेला बदलही असाच कळवावा लागतो. आपण डीबगरमधूनच एखाद्या चलाची किंमत बदलली, तरी जीडीबी आतल्या आत वर्दी देतो आणि साठवलेली फ्रेमची माहिती टाकून देतो. घरच्याच माणसाने घरात निरोप धाडावा तसे हे वाटते, पण ते वगळले तर पडद्यावर कालचेच चित्र राहील.

सापळ्याची जागाच सापडली नाही तर? जागा वाचवण्यासाठी लिंकरमधील नावे छाटून टाकलेली असली की असे होऊ शकते. जीडीबी तेव्हा इशारा देतो, की नंतर उचललेल्या लायब्रऱ्यांचा मागोवा आपल्याला ठेवता येणार नाही. ती ओळ वाचून न वाचल्यासारखे करणारे आमच्या धंद्यात पुष्कळ आहेत. मीही त्यांतलाच होतो.