ब्रांकुशीचे पक्षी आणि इंदूर

मी ब्राँझची शिल्पं करतो. धातू घासून चकाकी आणताना खांदे भरून येतात, तेव्हा मला शिल्पकार ब्रांकुशी आठवतो. रोमानियातल्या होबित्सा गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा १९०४ साली पॅरिसला पोचला. रोदँसारख्या गुरूकडचं काम त्यानं लवकरच सोडलं. पुढे शिल्पात पक्ष्याची पिसं, पंख, पाय त्यानं एकेक करून वगळले. उरली ती झेप. १९२६ मध्ये अमेरिकी कस्टम्सनं असं एक पक्ष्याचं शिल्प भांड्याकुंड्यांत मोजून ४० टक्के कर लावला! १९२८ मध्ये कोर्टानं त्याला कलाकृती ठरवलं. आपल्या इंदूरच्या महाराजा यशवंतराव होळकरांनाही ते उमगलं असावं, कारण इंदूरसाठी त्यांनी असे तीन पक्षी घेतले, त्यांच्यासाठी मंदिरही योजलं. ब्रांकुशी इंदूरला आला, पण मंदिर झालं नाही. त्या तिनांतले दोन संगमरवरी पक्षी आता कॅनबेरात आहेत. ते इंदुरातच राहायला हवे होते.