बदलत्या वाटा आणि वाटाड्या यंत्र

जुन्नरचें महत्त्व तेथें मिळणाऱ्या वाटांमुळें वाढलें, हें इतिहासप्रेमी वाचकांस नव्यानें सांगावयास नको. सातवाहनांच्या काळीं पूर्वेकडून आलेला माल येथून नाणेघाटानें कोंकणांत उतरे. घाटांतील लेण्यांत त्या घराण्याचा शिलालेख आहे. माथ्यावरील दगडी रांजणांत जकात टाकीत, असें परंपरा सांगते. अशा घाटांत दरड कोसळली तर तांड्याचा वाटाड्या काय करी? समोरून येणाऱ्यांस विचारून तो दुसऱ्या घाटाकडे वळे. नेहमींची वाट म्हणून दरडीपाशीं जाऊन उभा राहणारा वाटाड्या कोणी कामास ठेविला नसता.

संगणकांच्या जाळ्यांत हें वाटाड्याचें काम राऊटर नांवाची पेटी करिते. घरांतील राऊटरास बाहेर पडण्याची वाट बहुधा एकच. त्यामुळें त्यास फारसा विचार पडत नाहीं. परंतु ज्या राऊटरास अनेक तोंडें असतात, त्यास प्रत्येक पुडकें कोणत्या तोंडानें धाडावें हें ठरवावें लागतें. हें ज्ञान त्यास दोन रीतींनीं देतां येतें: एक, आपण हातानें वाटा लिहून देणें, दुसरी, शेजारच्या राऊटरांशीं बोलून त्यानें त्या स्वतः शोधणें. दुसऱ्या रीतीस आम्ही चल मार्गयोजना म्हणूं.

या दोहोंतील अंतर आम्हांस कांहीं वर्षांपूर्वीं चांगलेंच कळलें. एका संस्थेच्या जुन्नर, नारायणगांव व घोडेगांव येथील कचेऱ्या जोडण्याचें काम आमच्याकडे होतें. कोणत्याही दोन कचेऱ्यांमध्यें एक तार, असा त्रिकोण झाला. प्रत्येक राऊटरास तीन तोंडें: एक आंतल्या संगणकांकडे आणि दोन शेजाऱ्यांकडे. तीनच तर ठिकाणें, म्हणून आम्हीं वाटा हातानें लिहिल्या आणि निश्चिंत झालों.

श्रावणांत एके दिवशीं रस्त्याच्या खोदकामांत जुन्नर-घोडेगांव तार तुटली. ती तुटली मधल्या ठाण्याच्या पलीकडे. अलीकडचा भाग शाबूत असल्यानें जुन्नरच्या पेटीवरील दिवा तेवतच राहिला. वाट चालू आहे असें समजून पेटी दिवसभर त्याच तोंडानें पुडकीं बाहेर टाकीत होती आणि तीं नाहींशीं होत होतीं. नारायणगांवावरून जाणारी वाट रिकामीच होती. पण ती आम्हीं लिहिली नव्हती. घोडेगांवच्या कचेरींत त्या दिवशीं विद्यार्थिवेतनाचे अर्ज भरण्यासाठीं डोंगराकडील वाड्यांतून मुलें आणि त्यांचे पालक आले होते. मुदतीचा तो शेवटचा दिवस. सायंकाळीं तीं मंडळी पावसांत तशींच परत गेलीं. दोष यंत्राचा नव्हता; आमचा होता.

मग आम्हीं ओएसपीएफ नांवाची पद्धति योजिली. हिचें पहिलें रूप १९८९ सालीं प्रसिद्ध झालें. हिच्यांत प्रत्येक राऊटर आपल्या जोडण्यांची वार्ता सर्वांस कळवितो. त्यावरून प्रत्येकाजवळ सबंध जाळ्याचा एकच नकाशा तयार होतो. त्या नकाशांतून सर्वांत स्वस्त वाट काढण्याची युक्ति डच गणिती डायक्स्ट्रा यांची. १९५६ सालीं आपल्या वाग्दत्त वधूसह ॲम्स्टरडॅमच्या एका उपाहारगृहांत बसले असतां ती त्यांस सुमारें वीस मिनिटांत सुचली!

मांडणी करतांना पाळावयाचीं पथ्यें थोडींच आहेत. प्रत्येक तोंडास स्वतंत्र पत्ता द्यावा. प्रत्येक राऊटराची ओळखही निराळी असावी. शेजाऱ्यांकडील तोंडांवर संभाषण चालूं ठेवावें. आंतल्या संगणकांकडील तोंडाची माहिती मात्र इतरांस द्यावी, पण त्या तोंडावर मौन पाळावें, नाहीं तर कोणीही तेथून खोटी वार्ता घुसवील. त्याच कारणास्तव शेजाऱ्यांमध्यें गुप्त परवलीचा शब्द ठरवावा. जलद तारेस कमी मोल व मंद तारेस अधिक मोल लावावें. आणि राऊटर एकमेकांस जो नमस्कार ठराविक अंतरानें घालतात, त्याची वेळ दोन्हीं बाजूंस सारखी असावी. ती जुळली नाहीं तर शेजार जुळत नाहीं. सामान्यतः दहा सेकंदांनीं नमस्कार होतो; चाळीस सेकंद तो आला नाहीं, तर शेजारी नाहींसा झाला असें धरून वाटा नव्यानें आंखल्या जातात. दिवा तेवत असला तरी यंत्र फसत नाहीं.

या नमस्काराचें मोल आंबेगांव तालुक्यास वेगळें सांगावयास नको. ३० जुलै २०१४ रोजीं माळीण गांवावर डोंगर कोसळला आणि दीडशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. ही वार्ता बाहेर आणिली ती नित्याच्या फेरीवर निघालेल्या एस. टी.च्या चालकानें; त्यास गांवच दिसेना. रोज येणारें कोणी असलें, तरच न दिसणारें लवकर ध्यानांत येतें.

तथापि एक गोष्ट विसरूं नये. यंत्र वाट निवडतें, निर्माण करीत नाहीं. ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूच्या तारा नेण्याची जी योजना २०११ सालीं मंजूर झाली व पुढें भारतनेट या नांवानें ओळखली गेली, तिच्या आरंभींच्या रचनेंत तार तालुक्याकडून गांवाकडे एकेरीच जाई. ऑगस्ट २०२३ मध्यें मंजूर झालेल्या सुधारित योजनेंत वर्तुळाकार रचना स्वीकारली गेली, ती यासाठींच: एका बाजूनें तार तुटली तर दुसरी बाजू उरावी.

आमच्या त्रिकोणांत नवी मांडणी झाल्यावर आम्हीं एका कोरड्या दिवशीं, कचेरी सुटल्यानंतर, घोडेगांवची तार स्वतः उपटून पाहिली. मिनिटाच्या आंत पुडकीं नारायणगांवावरून वाहूं लागलीं. ही परीक्षा पहिल्याच वर्षीं घेतली असती, तर तीं मुलें अर्ज भरून घरीं गेलीं असतीं. दरड कोसळण्यापूर्वींच दुसरी वाट चालून पाहावी, एवढें शहाणपण आम्हांस जरा उशिरानें आलें. आमच्या वाचकांस तें वेळेवर यावें.